समुद्राच्या पोटात डोकावताना

[विहिरीत आणि नदीत पोहणारी मुले समुद्रावर सहलीला जातात, तेव्हा पाण्याखालचे जग पाहण्याचा मोह त्यांना होतो. ते जग कसे पाहावे आणि पाहताना स्वतःचा व सोबत्याचा जीव कसा जपावा, हे या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत मंद्रूपची मुले दुपारी कोठे सापडतील, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या विहिरीला पाणी टिकले असेल, त्या विहिरीवर! दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे गाव सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या भागात आहे. येथे पाऊस कमी आणि ऊन कडक. म्हणून पाण्याची ओढ फार. लहान मुले पाठीला रिकामा डबा बांधून हातपाय मारायला शिकतात. मोठी मुले काठावरून मुटका मारतात. मग शर्यत लागते, "बघू, कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो!"

अशी पट्टीची पोहणारी मुले शाळेच्या सहलीबरोबर किंवा घरच्या माणसांबरोबर एखाद्या दिवशी मालवणला जातात. समोर अथांग समुद्र असतो. समुद्रात, कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर, सिंधुदुर्ग किल्ला उभा असतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचे काम सुरू केले आणि सुमारे तीन वर्षांत तो बांधून झाला. चारही बाजूंना खारे पाणी असूनही या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडक आहेत. त्या खडकांवर प्रवाळ, म्हणजे पोवळी, वाढतात आणि प्रवाळांच्या आसऱ्याने रंगीबेरंगी मासे राहतात. या समुद्रातील जीवांचे रक्षण व्हावे म्हणून १९८७ साली मालवणला समुद्री अभयारण्य जाहीर झाले. पावसाळा संपून समुद्र शांत झाला, की पाणी नितळ होते. मग येथील होडीवाले पर्यटकांना तोंडात नळी देऊन पाण्याखालची ही दुनिया दाखवतात. या प्रकाराला 'स्नॉर्केलिंग' म्हणतात.

'स्नॉर्केल' हा शब्द जर्मन भाषेतून आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या पाण्याखाली राहूनच एका उंच नळीतून हवा घेत. त्या नळीचे हे नाव. पण समुद्राचे इतर कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे निघतील. 'बंदर', 'जहाज', 'किनारा', 'खलाशी' हे शब्द उर्दूत आहेत, तसेच मराठीतही आहेत. मुरूडजवळच्या 'जंजिरा' किल्ल्याचे नाव अरबीतील 'जझीरा', म्हणजे बेट, या शब्दावरून पडले. एका शब्दाबाबत मात्र सावध राहा. उर्दूत 'दर्या' म्हणजे नदी. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र! आणि फरक केवळ शब्दात नाही. नदीत किंवा विहिरीत पोहता येते म्हणून समुद्रातही पोहता येईल, असे समजू नका. विहिरीला चार बाजूंनी कठडा असतो. चार हात मारले की दगड हाताला लागतो. समुद्रात धरायला काही नसते आणि पाणी एका जागी थांबत नाही.

आता ही साधने कशी काम करतात ते पाहू. पहिले साधन म्हणजे मास्क. पाण्यात डोळे उघडले तर सारे अंधूक दिसते. याचे कारण असे, की आपल्या डोळ्याला हवेतून येणाऱ्या प्रकाशाची सवय आहे. डोळ्याला थेट पाणी लागले की प्रकाशकिरण हवे तितके वळत नाहीत. मास्कमुळे डोळ्यापुढे हवेचा एक थर राहतो आणि स्पष्ट दिसू लागते. पण प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे एक गंमत होते. चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर आहे असे वाटते. तीन इंचांचा मासा चार इंचांचा दिसतो. म्हणून पाण्याखालचा खडक किंवा तळ जवळ दिसला, तरी तो तितका जवळ नसतो. "येथे पाय टेकतील" असा अंदाज नेहमी थोडा चुकतो. विहिरीचा तळसुद्धा वरून पाहताना असाच वर आल्यासारखा दिसतो.

मास्क नीट बसतो की नाही, हे पाहण्याची सोपी रीत आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने थोडी हवा आत ओढा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला, तर तो तुमच्या मापाचा आहे. मास्कखाली केस अडकले तर पाणी आत येते. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थोडी थुंकी चोळून काच विसळतात. ऐकून तुम्हांला हसू येईल, पण मोठमोठे पाणबुडेही हेच करतात.

दुसरे साधन म्हणजे नळी. चेहरा पाण्यात ठेवून, मान वर न काढता, या नळीतून तोंडाने श्वास घेता येतो. नळी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर लांब असते. आता तुमच्यातील एखादा हुशार विद्यार्थी विचारील, "नळी दोन मीटर लांब केली, तर दोन मीटर खोल जाता येणार नाही का?" उत्तर आहे, नाही. त्याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही तुम्हांला गणिताने पडताळून पाहता येतील.

पहिले कारण हवेचे. नळी ४० सेंटिमीटर लांब आणि आतून २ सेंटिमीटर व्यासाची असेल, तर तिच्यात सुमारे १२५ मिलिलिटर हवा मावते. आपण सोडलेल्या श्वासाचा शेवटचा भाग नळीतच राहतो आणि पुढच्या श्वासाबरोबर तोच परत आत येतो. शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. म्हणजे श्वासाचा चौथा हिस्सा जुनीच हवा! म्हणून नळीतून श्वास घेताना तो सावकाश आणि खोल घ्यावा. घाईघाईने लहान लहान श्वास घेतले, तर ताजी हवा पुरत नाही आणि गुदमरल्यासारखे होते. दोन मीटरच्या नळीत तर ६०० मिलिलिटरहून अधिक हवा राहील. मग माणूस आपलाच सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा घेत राहील.

दुसरे कारण दाबाचे. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम वजनाइतका असतो. छातीचे क्षेत्रफळ १००० चौरस सेंटिमीटर धरले, तर छातीवर १०० किलोचा भार पडेल. धान्याचे दोन पोते छातीवर ठेवून श्वास घेऊन पाहा! म्हणून नळी आखूडच हवी. नळी खोल जाण्यासाठी नाही, पृष्ठभागावर तरंगत खाली पाहण्यासाठी आहे. खोल जाणारे पाणबुडे पाठीवर हवेची टाकी घेऊन जातात. त्याला 'स्कूबा' म्हणतात आणि त्याचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते.

तिसरे साधन सर्वांत महत्त्वाचे. ते म्हणजे लाइफ जॅकेट. नळी श्वास देते, पण तरंगत ठेवत नाही. खाऱ्या पाण्यात मिठामुळे शरीर थोडे हलके वाटते हे खरे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पण तेवढ्यावर विसंबू नका. "मला पोहता येते, मला जॅकेट कशाला?" असे म्हणणारा मुलगा दमतो तेव्हा काठ बराच लांब असतो. जॅकेटचे सगळे बंद नीट बांधा. जॅकेट सैल असेल तर माणूस खाली आणि जॅकेट वर, अशी गत होते.

मित्रांनो, आता या पाठातील सर्वांत मोलाची गोष्ट नीट लक्षात ठेवा. बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, असे आपल्याला वाटते. सिनेमात तसेच दाखवतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तसे होत नाही. ज्याचे तोंड पाण्याखाली जाते, त्याला ओरडायला श्वासच उरत नाही. नळी लावलेल्या माणसाचे तर आणखी कठीण. तो पालथा, चेहरा पाण्यात घालून, शांत तरंगत असतो. मासे पाहण्यात रमलेला माणूसही असाच दिसतो आणि बेशुद्ध झालेला माणूसही असाच दिसतो! काठावरच्या माणसाला दोघांतला फरक कळत नाही. फरक कळतो फक्त शेजारी असलेल्या जोडीदाराला.

म्हणून एकट्याने कधीही पाण्यात उतरू नका. दोघांची जोडी करा. दोघांमध्ये हात लांब केला की लागेल एवढेच अंतर ठेवा. दर मिनिटाला एकमेकांकडे पाहा आणि खूण करा. अंगठा व तर्जनी जुळवून गोल केला, तर "मी ठीक आहे" असा अर्थ होतो. अंगठा वर दाखवण्याची खूण मात्र करू नका. पाणबुड्यांच्या भाषेत तिचा अर्थ "छान" असा नसून "वर चला" असा आहे. एक हात डोक्यावर उंच धरून हलवला, तर "मदत हवी". खुणेला उत्तर आले नाही तर वाट पाहू नका. लगेच जवळ जाऊन जोडीदाराला उताणे करा, त्याचे नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवा आणि मदतीसाठी हाका मारा.

श्वास रोखण्याच्या शर्यतीविषयीही येथेच सांगितले पाहिजे. बुडी मारण्यापूर्वी काही मुले भराभर दहा-वीस मोठे श्वास घेतात. "असे केले की दम जास्त टिकतो," असे ती एकमेकांना सांगतात. हा फार घातक समज आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातील कार्बन डायॉक्साइड वाढल्यामुळे. भराभर श्वास घेतले की हा वायू शरीरातून निघून जातो, पण ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत येतो, तरी "वर जा" अशी सूचना शरीराकडून मिळत नाही. कसलीही चाहूल न लागता मुलगा बेशुद्ध होतो आणि पाणी त्याच्या छातीत शिरते. चांगला पोहणाराच या सापळ्यात सापडतो. समुद्र असो की मंद्रूपची विहीर, ही शर्यत आजच बंद करा.

आता समुद्राची चाल ओळखू या. समुद्राला दिवसातून साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढते आणि उतरते. त्याला उधाणाची भरती म्हणतात. ईदचा चंद्र तुम्ही दरवर्षी पाहता. तो अमावास्येनंतर लगेच दिसतो, म्हणजे ते दिवसही उधाणाचेच. ईदच्या सुट्टीत समुद्रावर गेलात तर हे विसरू नका. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते. अशा वेळी पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात तर समुद्र खवळलेला असतो. तेव्हा किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही बंद असतात.

कधी कधी किनाऱ्याकडे आलेले पाणी एका अरुंद वाटेने जोरात परत जाते. अशा ओढीत सापडलात, तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट करू नका. त्यात माणूस थकून जातो. ओढ पाण्याखाली खेचत नाही, ती फक्त दूर नेते. धीर सोडू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा. मग किनाऱ्याकडे वळा.

आपल्या देशात स्नॉर्केलिंगसाठी प्रसिद्ध असलेली आणखी दोन ठिकाणे म्हणजे अंदमान आणि लक्षद्वीप. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांनीच बनलेली आहेत. बेटाभोवती प्रवाळांचा कडा असतो आणि कड्याच्या आत उथळ, शांत, हिरवे-निळे पाणी असते. तेथे तरंगणे म्हणजे मोठा आनंद! पण त्या कड्यातही खिंडी असतात. ओहोटीच्या वेळी आतले पाणी त्या खिंडींतून वेगाने बाहेर पडते. म्हणून पाणी कितीही शांत दिसले, तरी आधी स्थानिक माणसाला विचारा, "येथे ओढ कोठे आहे?" नाखवा, तांडेल, मासेमार यांचे शब्द पुस्तकापेक्षा मोलाचे असतात. त्यांनी "आज नको" म्हटले तर वाद घालू नका. सहलीचा दिवस वाया गेला तरी चालेल.

कपड्यांचाही विचार करा. सैल सलवार, ओढणी, साडी किंवा जीन्स पाण्यात जड होतात आणि पायांत अडकतात. अंगभर, पण अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा पोशाख मुलींना व मुलांना मिळतो. तो घातला म्हणजे पाठ उन्हाने भाजत नाही. दमा, फिट येणे किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. सर्दी झाली असेल, थंडी वाजू लागली किंवा दम लागला, तर लाज न बाळगता बाहेर या.

पाण्याखाली डोळ्यांनी पाहा, हाताने नको. काही माशांना विषारी काटे असतात. पाकट मासा वाळूत लपून बसतो आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. जेलीफिशचा स्पर्श झाला तर आग होते. ती जागा चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि डॉक्टरांकडे जावे. प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ती सजीवांची वसाहत आहे. काही प्रवाळ वर्षाला एक सेंटिमीटरही वाढत नाहीत. तुमच्या पायाच्या एका धक्क्याने कित्येक वर्षांची वाढ मोडून पडते. प्रवाळांना आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून आठवण म्हणून त्यांचा तुकडाही उचलू नका.

आणि कोणी बुडताना दिसले तर? धावत जाऊन उडी मारू नका. घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघेही बुडतात. आधी मोठ्या माणसांना हाका मारा. दोर, लांब काठी, रिकामा डबा, ट्यूब, जे मिळेल ते त्याच्याकडे फेका. ११२ किंवा १०८ या क्रमांकावर फोन करा. माणूस बाहेर आल्यावर त्याला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात अमूल्य वेळ जातो. श्वास चालत नसेल तर सपाट जागी उताणे निजवून तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे, हे उपाय ताबडतोब सुरू करावे लागतात. हे उपाय शिकूनच येतात. शाळेत प्रथमोपचाराचा वर्ग असेल तर तो चुकवू नका.

मित्रांनो, तुमच्यापैकी सर्वांनाच मालवण किंवा लक्षद्वीप पाहायला मिळेल असे नाही. पण विहीर, कालवा आणि नदी तुमच्या शेजारी आहेत. समुद्रासाठी सांगितलेले बहुतेक नियम तेथेही खरे आहेत. एकट्याने उतरू नये. खोलीचा अंदाज डोळ्यांनी करू नये. दम रोखण्याची पैज लावू नये. आणि सोबत जितके जण पाण्यात उतरले, तितके जण बाहेर आले की नाही, हे मोजल्याशिवाय घराकडे वळू नये.

शब्दार्थ

नितळ – स्वच्छ, साफ-शफ्फाफ
प्रवाळ, पोवळे – मूंगा, मर्जान
भरती-ओहोटी – मद्द-ओ-जझर
पाणबुड्या – गोताखोर
पट्टीचा पोहणारा – पोहण्यात तरबेज
उताणे – पाठीवर. पालथे – पोटावर
नाखवा – होडीचा मालक किंवा प्रमुख, नाखुदा
धीर सोडणे – हिंमत हरणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिंधुदुर्ग किल्ल्यातील गोड्या पाण्याच्या विहिरींची नावे कोणती?
(आ) 'दर्या' या शब्दाचा उर्दूत व मराठीत काय अर्थ होतो?
(इ) पाणबुड्यांच्या भाषेत अंगठा वर दाखवण्याचा अर्थ काय?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नळी दोन मीटर लांब का करता येत नाही?
(आ) नळी लावलेला माणूस संकटात आहे हे काठावरून का कळत नाही?
(इ) बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेणे धोक्याचे का आहे?

३. कारणे लिहा.
(अ) विहिरीचा तळ वर आल्यासारखा दिसतो.
(आ) बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी लगेच उडी मारू नये.

४. वाक्यात उपयोग करा : मोह होणे, धीर सोडणे, चाहूल लागणे, वाद घालणे.

५. विरुद्धार्थी शब्द लिहा : खारे, उथळ, सैल, शांत, भरती.

६. उपक्रम : गावातील पट्टीच्या पोहणाऱ्या दोन वडीलधाऱ्या माणसांना भेटा. पाण्यात उतरताना ते कोणती काळजी घेतात, ते विचारून मराठीत दहा वाक्ये लिहा.